इंदूकाकीचे हात

मानसिक आजारांची ओळख करून देणारा धडा मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शिकवायला घेते. शाळा गुजराती माध्यमाची, मुलं बारावी आर्ट्सची, त्यातली निम्मी आमच्याच लोकांची, म्हणजे घरी अहिराणी बोलणारी आणि वर्गात गुजरातीतून उत्तरं देणारी. त्यांना हा धडा फार आवडतो, कारण लक्षणं वाचता वाचता ती शेजारच्या बाकावरच्या पोराला एकेक आजार वाटत सुटतात. मी त्यांना रागावत नाही, त्या वयात मीही तेच करत होते. पण धड्याच्या मध्यावर एक आजार येतो. त्यात माणसाच्या मनात नको तो विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो घालवण्यासाठी माणूस तीच ती कृती करत राहतो. तिथे पोहोचलं की मी मुलांकडे पाठ करून फळ्यावर नुसती लिहीत राहते. बाईंनी एवढं लिहून दिलं म्हणजे परीक्षेला येणार, असं समजून मुलं भराभर उतरवून घेतात.

आम्ही तेव्हा सुरतेच्या नवागामात राहायचो. दोन खोल्या आणि दोन संसार. पुढच्या खोलीत आप्पा, माय, मी आणि धाकटा राजू. मागच्या खोलीत काका आणि इंदूकाकी. आप्पा आणि काका एकाच खात्यात कामाला होते. खातं म्हणजे लूमचा कारखाना. त्यांच्या पाळ्या उलट्या असायच्या, त्यामुळे घरात एक भाऊ जेवत असला की दुसरा घोरत असायचा आणि दोघांची धड गाठ पडायची ती वीज बंद असेल त्या दिवशी. मागच्या गल्लीतही लूम होते. त्यांचा खडखडाट आमच्या भिंतीतून दिवसरात्र यायचा आणि आम्ही सगळेच जरा मोठ्यानं बोलायचो. अजूनही फोनवर माझा आवाज चढलेला असतो, नवरा म्हणतो, तुला फोनची काय गरज आहे.

काकीला तेव्हा मूल नव्हतं. राजू तिच्याच मांडीवर वाढला. ती भाकरी थापायला बसली की तो तिच्या पाठीवर लोंबकळायचा, आणि ती त्याला न हटवता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी फिरवायची की काठाला कुठे चीर जाणार नाही. वांग्याचं भरीत, लसणाची चटणी, त्यावर कच्चं तेल. दुपारी घरातलं आवरलं की ती आणि माय साड्यांवर टिकल्या लावायचं काम घेऊन बसायच्या. काकीचा हात इतका चालायचा की माय एक फूल भरेपर्यंत तिची अख्खी फांदी झालेली असायची. तिला गाणी येत होती, नकला येत होत्या. घरमालकीणबाई भाडं मागायला येताना आधी खोकते तो खोकला काकी असा काढायची, की एकदा मायनं खरोखर घाबरून दिवा मालवला.

मग प्लेग आला. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, मला त्यातली फक्त उधना स्टेशनची गर्दी आणि भुसावळकडे जाणारी गाडी सांगायची आहे. तोंडाला रुमाल बांधून अख्खं नवागाम गावाकडे निघालं होतं. आम्हीही निघालो. डब्यात हलायला जागा नव्हती. राजू रडायला लागला तेव्हा काकीनं फडक्यातली भाकरी सोडली आणि त्याला घास भरवले. नंदुरबार यायच्या आत त्याचं अंग तापलं. त्या डब्यात ताप हा शब्द मोठ्यानं उच्चारायचीही सोय नव्हती, लोकांनी आम्हाला खाली उतरवलं असतं. मायनं त्याला पदराखाली घेतलं आणि काकीच्या कानाशी जाऊन दात आवळून म्हणाली, "तुना हातनं खाधं आन् पोऱ्याले ताप उना."

तुझ्या हातचं खाल्लं आणि पोराला ताप आला, एवढंच वाक्य. राजूचा ताप साधा होता, गावी पोहोचल्यावर तो उतरला, पोरगा ज्वारीच्या शेतात हुंदडायला लागला. आज तो डिंडोलीत मोबाइल रिचार्जचं दुकान चालवतो आणि त्याला यातलं काही ठाऊक नाही. माय ते वाक्य बोलून गेली आणि विसरली, असं मला वाटलं होतं.

आम्ही परत आलो ते वेगळ्याच सुरतेत. रस्ते झाडले जात होते, गटारी उपसल्या जात होत्या, कडेनं पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढलेल्या. जो तो धूत होता. भिंती, ओटे, भाजी, चपला, सगळं. त्यात काकीचं धुणं कोणाच्या लक्षात येणार? ती हात धुवायची, आम्ही म्हणायचो, बरं आहे. पाणी यायच्या वेळी ती बादल्या भरून मोरीत बसायची आणि उठायचीच नाही. मनासारखे धुतले गेले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. मध्ये कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. भाकरी थापणं तिनं आपणहून सोडलं. राजूला जवळ घेणं सोडलं. तो पाठीवर लोंबकळायला गेला की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि तो खिदळायचा, त्याला तो खेळच वाटायचा. तिचे ओठ सतत हलत असायचे. हातांची सालं निघायला लागली, टिकल्यांचा डिंक भेगांत जाऊन झोंबायचा, म्हणून तेही काम सुटलं.

मी त्या वर्षी बारावीला होते आणि मनोविज्ञानाचं पुस्तक हातात घेऊन पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करायचे. एक दिवस काकी मधल्या दारात येऊन उभी राहिली. तिला बाजारापुरती गुजराती कळायची. काय वाचतेस म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, मनाच्या आजारांची लक्षणं. तिला सांग म्हणाली, तर मी ऐटीत सांगायला लागले. कोणाला वाटतं सगळे आपल्या वाईटावर आहेत, कोणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणाचं कशातच मन लागत नाही आणि झोप जाते, आणि कोणाच्या मनात एकच भीती परत परत येते, मग तो कुलूप तपासत बसतो, हात धूत बसतो. ती दाराची चौकट धरून ऐकत होती, धरून म्हणजे कोपरानं, कारण हात ती कशाला लावत नसे. माझं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "तेन्ही दवाई काय शे?"

मी पान उलटून बघितलं. तो धडा ओळखीचा होता, त्यात नुसती लक्षणं होती. उपचारांचा धडा पुढे होता आणि आमच्या बाईंनी तो परीक्षेला नाही म्हणून सोडून दिला होता. मी म्हटलं, आम्हाला एवढंच आहे. ती मान हलवून मागे गेली आणि मोरीतलं पाणी पुन्हा वाहायला लागलं. मी पुढचं लक्षण पाठ करायला घेतलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे, की माझ्या मनात काही हललं नाही. पुस्तकातली माणसं गुजराती बोलणारी, खुर्चीवर बसणारी होती. आपल्या मोरीत आजार बसलेला असेल असं कोणी शिकवलं नव्हतं.

मायच्या मनात मात्र हललं होतं. ती काकीच्या हातांकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. तिच्यासाठी खोबरेल तेल आणायची, भांडी तिच्या वाटची घासायची, आणि काकांसमोर काकीची बाजू घेऊन भांडायची. मला वाटे, जावेची किती माया. माय गाडीतलं ते वाक्य रोज गिळत होती हे मला फार उशिरा कळलं. अशा माणसाला कोणी दुसरं कारण पुढे केलं तर ते तो दोन्ही हातांनी धरतो, आणि मायला ते गल्लीतल्या बायकांनी दिलं.

झालं असं, की समोरची रखमा तिचं आजारी तान्हं पोर घेऊन आली आणि चहा होईपर्यंत धर म्हणून काकीकडे द्यायला लागली. काकी मागे सरकली, पोराकडे टक लावून बघत राहिली, ओठ हलवत राहिली, पण हात लावला नाही. त्या रात्री पोराची उलटी थांबली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की इंदूनं नुसतं बघितलं आणि पोर बरं झालं. मग सगळ्यांना एकेक आठवायला लागलं. ती किती वेळा अंघोळ करते, कोणाला शिवत नाही, वेगळं खाते, सारखा जप करते. एवढं सोवळं माणूस स्वतःहून पाळेल का? कानबाईनंच तिला धरलं आहे. मायनं हे ऐकलं आणि ती कितीतरी दिवसांनी हसली. तिनं शेजारणींना सांगितलं, हो, मलाही तसंच वाटत होतं. काकीला आपण आजारी पाडलं यापेक्षा काकीला देवीनं निवडलं हे मायला किती सोपं पडलं असेल, याचा विचार करते तेव्हा मला तिचा राग येत नाही.

श्रावणात कानबाई बसते. आम्हा खानदेशी लोकांची ही देवी, नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून तिचा मुखवटा करायचा, चौरंगावर बसवायचं, दुसऱ्या दिवशी वाजत गाजत तापीवर न्यायचं. त्या वर्षी ती आमच्याकडे होती. प्रसादाच्या रोटांचे गहू घरातल्या माणसांच्या नावानं मुठीनं काढतात, आणि ते काकीनंच काढायचे असं सगळ्यांनी ठरवलं. काकी सुपासमोर बसली. मूठ भरायची, सुपात टाकायची, पुन्हा परत ओतायची. राजूच्या नावाची मूठ तर तिनं इतक्या वेळा ओतून परत घेतली की तिच्या बोटांतलं रक्त गव्हाला लागलं. बायका बघत होत्या, देवी मूठ मोजून घेते आहे म्हणत होत्या. काकी मात्र माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा सांगत होती, की मला नीट जमत नाहीये, त्याला काही झालं तर? पुरण शिजत होतं, गंगाफळाच्या भाजीचा वास सुटला होता, गाणी लागली होती, आणि माझी काकी भेदरलेली होती. बायकांना तेही देवीचंच लक्षण वाटलं.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघायच्या आधी बायकांनी तिला चौरंगाशेजारी बसवलं, मळवट भरला, पाय धुतले. ती म्हणत होती, मी कोणी नाही, मला उठू द्या. तिला असं म्हणावंच लागतं, असं एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांना पटलं. मग रखमा पुढे आली आणि तिनं ते पोर सरळ काकीच्या मांडीवर ठेवलं. काकीचे दोन्ही हात वर गेले. पोर मांडीवर, हात वर, आणि ती ते खालीही आणू शकत नव्हती आणि उठूही शकत नव्हती. बायकांनी कानबाईचा जयजयकार केला. पोर घसरायला लागलं तेव्हा तिला ते धरावंच लागलं, दोन्ही हातांनी, सोललेल्या हातांनी, आणि रखमानं ते उचलून घेतल्याबरोबर काकी उठून मोरीत गेली.

आम्ही सगळे गुलाल आणि ढोलताशात होतो. मी पाणी घ्यायला आत आले तेव्हा काकी गटारीवर टाकायच्या पांढऱ्या पावडरीचा डबा उघडून ती पावडर ओल्या हातांना चोळत होती, भांडं घासावं तशी. कोपरांपर्यंत. वास नाकात गेला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिचे हात धरायला गेले तर ती ओरडली, मला शिवू नको, तू मरशील. मी मायला हाक मारली. माय आली, तिनं तो डबा बघितला, हात बघितले आणि मोरीच्या उंबऱ्यावरच बसली. बाहेर कानबाई निघाली होती. आमच्या घरची देवी आमच्या घरचं कोणी बरोबर नसताना तापीवर गेली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात हातांना मलमपट्टी झाली आणि तिथल्या डॉक्टरनं आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. पाटी वाचून काका खालीच थांबले, गांडा, म्हणजे वेड्या, लोकांच्या विभागात आपलं माणूस नेलं हे खात्यात कळलं तर काय, म्हणून. वर मी, माय आणि काकी. डॉक्टरबाई तरुण होत्या, गुजराती बोलणाऱ्या, बाहेर रांग लागलेली. काकीची अहिराणी त्यांना कळेना, म्हणून मी मध्ये बसले. त्या विचारायच्या, मी काकीला सांगायची, काकी बोलायची, मी गुजरातीत सांगायची. विचार नको असतानाही येतो का? येतो. तो खोटा आहे हे कळतं का? कळतं. कळूनही धुवावं लागतं का? काकी म्हणाली, "माले कळस व, पन हातले कळत नही." हेही मी गुजरातीत सांगितलं. मी पाठ केलेलं एकेक लक्षण तिच्या तोंडून येत होतं, त्याच क्रमानं, आणि धड्यात मला चांगले गुण मिळाले होते.

मध्येच मायनं माझा हात दाबला. म्हणाली, बाईंना सांग, हे माझ्यामुळे झालं आहे. आणि तिनं गाडीतलं ते वाक्य सांगितलं, खाली मान घालून, काकी शेजारी बसलेली असताना. काकी तेव्हा पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत काहीतरी पुटपुटत होती. मी डॉक्टरबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि म्हणाल्या, "ना बेन, कोईना बोलवाथी आवी बीमारी न थाय." मी मायला सांगितलं, त्या म्हणतात, कोणाच्या बोलण्यानं असा आजार होत नाही, तुझी चूक नाही. मायनं माझ्याकडे बघितलं. तिला गुजराती येत नव्हती असं नाही, पण त्या घाईतलं, शिकल्या माणसाचं बोलणं तिच्या कानात शिरलं नव्हतं. तिची खात्री झाली की बाई काहीतरी वेगळं म्हणाल्या आणि लेकीनं माया म्हणून ते गोड करून सांगितलं. ही खात्री तिनं पुढे कधीच सोडली नाही.

काकी बरी झाली. एकदम नाही, गोळ्या खाऊन, सुस्तावून, जाड होऊन, दर महिन्याला त्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन. गल्लीतल्या बायकांनी पाया पडणं सोडलं आणि काही दिवस बोलणंही सोडलं. देवी गेली आणि गांडी राहिली, असं रखमाच्या सासूनं म्हटलेलं मी कानानं ऐकलं. हळूहळू काकीनं पुन्हा परातीत हात घातला. पहिली भाकरी तिनं राजूला न देता स्वतः खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला काही होतंय का ते बघत बसली, मग दुसऱ्या दिवशी त्याला दिली. पुढे तिला मुलगी झाली, तेव्हा काही महिने पुन्हा सगळं उसळलं, पुन्हा गोळ्या. तेव्हा मात्र मी रोज जाऊन बसत होते, कारण तोवर मी तो दुसरा धडा वाचला होता.

मायला मी किती वेळा समजावलं असेल. मी हाच विषय घेऊन शिकले, त्यातच नोकरीला लागले, ते बऱ्याच अंशी तिला पटवून देण्यासाठीच, असं आता वाटतं. मी तिला सांगायची, हा आजार कोणालाही होतो, तो कदाचित आधीपासूनच आत असेल, प्लेगची भीती होती, मूल नव्हतं, दहा गोष्टी असतात, एका वाक्यानं कोणी आजारी पडत नाही, तुझी चूक नाही. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, तू शिकेल शेस, तुले मना वाईट दिसाले नको.

गेल्या वर्षी माय अंथरुणाला खिळली. डिंडोलीला राजूकडे होती. काकी तिला बघायला आली, आता तीही केस पिकलेली, हातांना जुने पांढरे डाग. मायनं मला खोलीतून जायला सांगितलं नाही. तिनं काकीला पलंगावर जवळ बसवलं आणि गाडीतलं ते वाक्य परत एकदा म्हणून दाखवलं, शब्द न शब्द, आणि म्हणाली, "तुले ध्यानमा शे का इंदू? मी असं बोलनू व्हतू."

मी पुढे होणार होते, नेहमीचं सांगायला. काकीनं मला डोळ्यांनी थांबवलं. ती मायकडे वळली. मग म्हणाली, "शे ना, बाई. भलतं लागनं व्हतं माले ते. तुमनी चूक व्हती." काकीनं मायचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पन मी कव्हयनंच सोडी दिन्हं." केव्हाच सोडून दिलं, हे ऐकून माय रडायला लागली, लहान मुलासारखी, बराच वेळ, आणि रडता रडता झोपली. तशी शांत झोपलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

स्वयंपाकघरात मी चहाचं आधण ठेवलं. काकी मागून आली. मी तिला म्हटलं, तुला एवढी वर्षं ते आठवत होतं, कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तिला काहीसुद्धा आठवत नाही, गाडी आठवते, गर्दी आठवते, माय असं काही बोलली हे तिनं आजच ऐकलं. मला राग आला. मग खोटं का सांगितलंस? तिची चूक नव्हतीच.

काकीनं कपाटातून कप काढले, एकेक पुसून ठेवले.

"मी बी कितला साल म्हनत ऱ्हायनू, मनी चूक शे, मनी चूक शे," ती म्हणाली. "बठ्ठा लोक सांगेत, नही वं इंदू, तुनी काहीच चूक नही. तेन्हाघाई मनं वझं एक दिन बी हलकं नही व्हयनं. कोनी तरी म्हनाले पाहिजे व्हतं, व्हय, तुनीच चूक शे, पन जाऊ दे."

चहा उतू गेला. काकीनं गॅस बंद केला. आत माय झोपली होती, आणि तिच्यावर माया असलेली, शिकलेली तिची लेक आयुष्यभर तिला एकच गोष्ट सांगत आली होती, की तुझी चूक नाही.